शर्टावरचा चिकाचा डाग

खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं, “मॅडम, माझं लिहिलेलं ढापलं तिनं, पण पकडली मी गेले तर?”

डिसेंबरातली संध्याकाळ होती. शेजारच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होते आणि धूर थेट माझ्या खोलीत येत होता. उठून खिडकी लावली. मुलगी बारावी सायन्सची, रावेर तालुक्यातल्या केळीवाल्यांची, शिकायला जळगावात मावशीकडे राहिलेली. नावं देत नाही. क्लासमध्ये त्यांना गावावरूनच हाक मारतात, तसंच इथेही म्हणू. ही रावेरवाली, आणि जिच्यावर ती चिडली होती ती जळगाववाली, सराफाची मुलगी. पाचवीपासूनच्या मैत्रिणी. लिहून झाल्यावर दोघींना हे वाचून दाखवलं आहे. जळगाववालीनं एक दुरुस्ती सांगितली, ती पुढे येईल.

दोघी इंग्लंडमध्ये पदवीसाठी अर्ज करत होत्या. तिकडचा अर्ज यूकॅस या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो. जास्तीत जास्त पाच ठिकाणं निवडायची आणि पाचही ठिकाणी एकच पर्सनल स्टेटमेंट जातं. 2026च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हा विषय का घ्यायचा आहे, अभ्यासातून त्याची काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं. मोकळ्या जागा धरून तिन्ही मिळून 4,000 अक्षरं. एवढ्याशा जागेत सतरा वर्षांच्या पोरीनं स्वतःला बसवायचं.

रावेरवालीनं पहिल्या उत्तरात हरण्या रोग लिहिला होता. केळी पट्ट्याबाहेरच्यांसाठी सांगते. हा कुकुंबर मोझॅक व्हायरस. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळी, लावल्यावर पावसाची झड लागली, आभाळ उघडेना, की कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात. मावा नावाची कीड तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. लागण झालेलं रोप बरं करणारं औषध नाही. उपटायचं आणि नष्ट करायचं. तिच्या वडिलांनी दोन दिवस रोपं उपटली, बांधाबाहेर ढीग घातला. तिसऱ्या दिवशी बँकेत जायचं म्हणून पांढरा शर्ट घातला, आणि निघता निघता पुन्हा एकदा शेतात डोकावले. बँकेतून आले तेव्हा खिशाखाली चिकाचा काळपट डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की लागलाच. आईनं लिंबू लावलं, रॉकेल लावलं, शेवटी शर्ट फवारणीच्या कपड्यांत टाकला. कपड्यातला डाग निघत नाही, तर रोपातला व्हायरस कसा काढतात, हा प्रश्न दहावीतल्या मुलीला तेव्हा पडला. तिनं तो तसाच लिहिला होता. मला तो परिच्छेद फार आवडला, हे आधीच कबूल करते, कारण त्यामुळे मी जरा पक्षपातीच होते.

तो मसुदा तिनं गूगल डॉकमध्ये लिहिला होता आणि “वाचून सांग ना कसं वाटतं” म्हणून मैत्रिणीला लिंक दिली होती. मैत्रिणीनं “भारी” असं कळवलं. तीन आठवड्यांनी मैत्रिणीच्या आईनं, अगदी कौतुकानं, रावेरवालीच्या व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ टाकली: “बघ गं, आमच्या पोरीनं कसं लिहिलंय!” त्यात हरण्या रोग होता. बांधाबाहेरचा ढीग होता. वडिलांच्या जागी आजोबा झाले होते आणि पांढरा शर्ट क्रीम रंगाचा झाला होता. जे आजोबा आयुष्यभर सराफ बाजारात गादीवर बसले ते.

“डागसुद्धा घेतला हो मॅडम तिनं,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

इथे माझी चूक सांगते. तारखा डोळ्यांपुढे होत्या. यूकॅसची मुदत 14 जानेवारी, त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. आणि पाठोपाठ बारावीची परीक्षा. मी पटकन म्हणून गेले, “तू तुझा पहिला परिच्छेदच बदलून टाक ना. सुरक्षित राहशील.” ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “शर्टाऐवजी काय लिहू? आमच्याकडे तेच झालं होतं.”

घर जिचं तिलाच मी घर सोडायला सांगत होते. तो सल्ला तिथल्या तिथे मागे घेतला.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तसं कोरडं आहे, पण आधी तेच द्यावं लागतं; भीती पोटात असताना मैत्रीबद्दल काही सांगितलेलं कानात शिरत नाही. यूकॅसकडे आलेलं प्रत्येक स्टेटमेंट आधी जमा झालेल्या स्टेटमेंटांच्या साठ्याशी ताडून पाहिलं जातं. साम्य 30 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर तिथली माणसं ते स्वतः वाचतात, आणि त्यांनाही तसंच वाटलं तर अर्जदाराला आणि निवडलेल्या विद्यापीठांना कळवतात. प्रवेश द्यायचा की नाही हे यूकॅस ठरवत नाही, ते विद्यापीठाच्या हातात. आता यातली मेख बघा. तुलना आधी आलेल्याशी होते. म्हणजे जळगाववालीचा अर्ज आधी पोचला असता तर खूण रावेरवालीच्या अर्जावर उमटली असती. तिची भीती खुळी नव्हती. “अगं, खऱ्याला मरण नाही” वगैरे सांगून मी तिला घरी पाठवलं असतं तर ते धडधडीत खोटं झालं असतं.

पण तिच्याकडे पुरावा होता, फक्त तिला ते माहीत नव्हतं. गूगल डॉकमध्ये व्हर्जन हिस्टरी असते: कुठलं वाक्य कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या खात्यातून लिहिलं गेलं, सगळं दिसतं. आम्ही लॅपटॉप उघडून सप्टेंबरपर्यंत मागे गेलो. पहिल्या आवृत्तीत शर्टाचं वाक्य मराठीत होतं, त्याखाली मोडकंतोडकं इंग्रजी, मग आईनं रॉकेल लावल्याचं, मग ते खोडून पुन्हा घातलेलं. त्याचे स्क्रीनशॉट घेतले, सगळे मसुदे पीडीएफ करून स्वतःलाच मेल करायला सांगितले. मैत्रिणीची लिंक बंद केली. डॉक मात्र तसाच ठेवला. रागाच्या भरात मुलं मूळ फाइलच उडवतात आणि पुरावा स्वतःच्या हातानं पुसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

आता राहिली मैत्रीण. रावेरवालीची आई सराफीणबाईंना फोन लावायला निघाली होती. मी थांबवलं. आया मध्ये पडल्या की भांडण दोन घरांचं होतं, लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जातं, आणि ज्या दोघींचं आहे त्या बाजूलाच राहतात. वडील उलट्या टोकाला. “जाऊ दे वं माय, शब्दच तं होते, शेत थोडी नेलं,” असं म्हणाले म्हणे. बापाचा मोठेपणा खरा. पण त्यामुळे पोरीला वाटायला लागलं की आपलाच राग कोता आहे. मी तिला एवढंच म्हटलं, शर्ट त्यांचा असेल, वाक्य तुझं आहे. त्यांनी माफ केलं म्हणून तू केलंच पाहिजेस असं नाही.

मग काय बोलायचं ते आम्ही कागदावर लिहिलं. पहिल्या प्रयत्नात “चोर” दोनदा होतं. दुसऱ्यात “प्लीज” चारदा आणि “तुला राग येणार नसेल तर” एकदा. दोन्ही खोडले. उरलं ते असं: “तुझ्या स्टेटमेंटमध्ये माझ्या पप्पांचा शर्ट आहे. अर्ज पाठवायच्या आधी तो काढ. नाही काढलास तर मी विद्यापीठांना माझे मसुदे पाठवीन.” तिनं ते माझ्यासमोर पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. शेवटच्या वाक्याला आवाज दर वेळी बसायचा. बसू दे म्हटलं, वाक्य पूर्ण कर.

मेहरूण तलावावर भेटल्या. जळगाववालीचं पहिलं उत्तर ठरलेलं: सगळेच करतात, प्रवेशाचं बघणारा एजंट म्हणाला कोणाचं तरी बघून घे. रावेरवालीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग दुसरी ओरडली, “तुझ्याकडे शेत आहे, रोग आहे, सगळं आहे लिहायला. माझ्याकडे काय आहे? दुकान!” दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेल्या.

दोन दिवसांनी मला फोन आला तो जळगाववालीचा. तिची दुरुस्ती इथलीच. मी आधी लिहिलं होतं की एजंटनं मजकूर फिरवून दिला. ती म्हणाली, “तसं नका लिहू मॅडम. वडिलांचे आजोबा मीच केले.”

मग ती भेटायला आली. बायोकेमिस्ट्रीसाठी अर्ज करत होती. “का?” म्हटल्यावर खांदे उडवले. दिवाळीत दुकानात काय करतेस, असं मी सहज विचारलं. तर म्हणाली, पाणी देते, पावत्या करते, कधी आजोबांना कसोटी लावताना बघते. आता दुकानात मशीन आहे, पण आजोबांचा भरवसा दगडावर. काळ्या दगडावर दागिना घासून रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं, विरली तर भेसळ. लहानपणी ती त्या विरणाऱ्या रेघेकडे तास न् तास बघायची आणि आजोबा ओरडायचे, वाफ नाकात जाईल, मागे हो. हे सांगताना तिचे हात हवेत रेघ ओढत होते. मी पेन पुढे केलं. ती म्हणाली, “पण हे तर दुकान आहे!” तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल, हे तिला पाठ होतं. आपण वर्षानुवर्षं केमिस्ट्रीच बघत आलो, हे कधी कोणी तिला म्हटलं नव्हतं.

तिला तो पायजम्याचा किस्साही सांगितला. 2007च्या प्रवेशाच्या वेळी यूकॅसनं 50,000 अर्ज तपासून पाहिले, तेव्हा 234 जणांनी आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजमा जाळल्याचं निघालं. सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उचललेलं. ती हसली, मग गप्प झाली. “माझाही पायजमाच झाला असता,” म्हणाली.

रावेरवालीचा अर्ज नाताळाच्या आधी गेला. जळगाववालीचा 12 जानेवारीला, कसोटीच्या दगडासकट.

हे कळायच्या आधीच दोघींचे अर्ज गेले असते तर? असा प्रश्न घेऊन येणारेही असतात, तेव्हा तेही सांगते. पाठवलेलं स्टेटमेंट नंतर बदलता येत नाही. अशा वेळी विचारणा यायची वाट न बघता आपणच निवडलेल्या विद्यापीठांच्या प्रवेश विभागाला लिहावं: माझा मजकूर अमुक तारखेपासूनचा आहे, सोबत मसुदे, दुसऱ्या अर्जात साम्य आढळण्याची शक्यता आहे. चार ओळी. मैत्रिणीच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नको. आणि मैत्रीण रडत आली, “आपण मिळून लिहिलं असं सांगू या,” म्हणाली, तर अजिबात कबूल होऊ नका. स्टेटमेंट कुठून उतरवलेलं नाही, एआयकडून करवून घेतलेलं नाही, असं अर्जात आपण जाहीर केलेलं असतं. त्या दयेपोटी एकीच्या जागी दोघी अडकतात.

पूर्वीसारखं काही दोघींत नाही. क्लासला एकत्र जायच्या, आता जात नाहीत. संक्रांतीला सराफीणबाईंनी नेहमीप्रमाणे तिळगुळाबरोबर भरिताचा डबा पाठवला. रावेरवालीनं खाल्लं, डबा धुऊन परत दिला, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. परवा मात्र तिनं व्हिसाच्या कागदपत्रांची स्वतः केलेली यादी जळगाववालीला पाठवली. मला तेवढ्यात सांगितलं, “लिंक फक्त वाचण्यापुरती दिलीये हं मॅडम.”

तशा लिंकवरूनही मजकूर उतरवून घेता येतो. मी बोलले नाही. मला वाटतं, तिलाही ते माहीत असावं.