शेतकऱ्यांचे प्रश्न : कोंबडखत आणि वाढलेलं स्फुरद

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात आमची दहा गुंठे सेंद्रिय भाजी आहे. वर्षाला दीड टन कोंबडखत घालतो, दोन पिकं घेतो. यंदा माती तपासली तर स्फुरद (फॉस्फरस) 'फार जास्त' निघालं. रासायनिक खताचा दाणाही टाकत नाही, मग असं का?

उत्तर : कोंबडखतात साधारण ३ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि अडीच टक्के स्फुरद असतं. दीड टनातून ४५ किलो नत्र आणि ३७ किलोच्या आसपास स्फुरद रानात गेलं. दोन पिकं मिळून फार तर २५ किलो नत्र आणि ८ किलो स्फुरद उचलतात. उरलेलं स्फुरद मातीला चिकटून वर्षानुवर्षं साचतं. त्यामुळे पिकाला जस्त, लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. वळवाच्या पावसात गाळाबरोबर तेच ओढ्यात आणि तिथून पंचगंगेत उतरतं. पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी पोसायला स्फुरद पुरेसं असतं, ते कुठल्या खतातून आलं याने फरक पडत नाही. जादा नत्र विहिरीत झिरपतं ते वेगळंच.

कोंबडखत दोन-तीन वर्षं पूर्ण बंद करा. नत्र रानातच तयार करा. दहा गुंठ्यांना ६ किलो ताग फेका, ४५ दिवसांनी फुलकळी दिसताच गाडा. ताग हवेतलं नत्र धरतो, स्फुरद मात्र बाहेरून आणत नाही. गाडायला उशीर झाला की खोडात वाख (चिवट धागा) तयार होतो, रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतो आणि कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतो. गाडल्यावर किमान तीन आठवडे लागण करू नका. रान चोपण (सोडियममुळे घट्ट झालेलं) किंवा क्षारपड असेल तर तागाऐवजी धैंचा बरा.

सेंद्रिय पदार्थासाठी उसाचं पाचट वापरा. ते पेटवणं म्हणजे डोळ्यांदेखत नत्र आणि कर्ब हवेत सोडणं; आपल्या भागात हे अजूनही चालतं, याचं फार वाईट वाटतं. एक टन पाचटाला अडीचशे किलो ताजं शेण पाण्यात कालवून घाला, मध्येमध्ये गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) हिरवा पाला. नुसतं पाचट वर्षभर तसंच पडून राहतं. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच. मुठीत आवळल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, एवढीच ओल. आठवड्याने ढिगात पहार खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोकाला हात टेकवत नसेल तर ढीग नीट तापलाय. गारच असेल तर पाणी किंवा हिरवा पाला कमी पडलाय. घाण वास आला तर पाणी जास्त झालंय, लगेच पलटा. एरवी दर तीन आठवड्यांनी पलटायचं. साडेतीन महिन्यांत खत तयार होतं.

प्रश्न : प्लॅस्टिक मल्चिंग सेंद्रिय शेतीत चालतं का?

उत्तर : प्रमाणीकरणात सहसा चालतं. पण २५ मायक्रॉनचा कागद काढताना फाटतो आणि तुकडे मातीत राहतात, ते वेचून संपत नाहीत. त्याऐवजी पाचटाचा चार इंचाचा थर द्या, रोपाच्या बुंध्यापासून तीन बोटं सोडून. बुंध्याला टेकला तर खोड कुजतं. मात्र हे उन्हाळी आणि रब्बी भाजीलाच. जून ते ऑगस्टमध्ये थराखाली गोगलगायी वाढतात, तेव्हा रान मोकळं ठेवा.