हॉलमधल्या ८ फूट भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ करतोय. सुतार ४-४ फुटी फळ्या टाकू म्हणतोय. वाकणार नाहीत ना?

१८ मिमी प्लायच्या असतील तर वाकतील. डेमी आकाराची (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तकं उभी लावली की फूटभर रांग साधारण ८ ते १० किलो भरते. म्हणजे एका फळीवर ३२-४० किलो, तेही वर्षानुवर्षं. भरलेल्या फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून लांबी दीडपट झाली की बाक पाचपट होतो. तुमच्या ८ फुटांत दोन नव्हे, तीन खण पाडा. चार उभ्या पाख्यांची (कडेच्या दोन आणि मधल्या दोन उभ्या फळ्यांची) जाडी वजा केली की प्रत्येक फळी ३१ इंचांची येते.

शेल्फची खोली सव्वानऊ इंच पुरे. सुतार सवयीने बारा-पंधरा इंच धरतात. मग पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची कधी हाताला लागत नाही. सव्वानऊ इंचाने ८ बाय ४ च्या एका शीटमधून ५ लांब पट्ट्या निघतात. खाली १३ इंचांचा एक कप्पा (दिवाळी अंक, कोश, जाड खंड), त्यावर १० इंचांचे चार, तळाला ४ इंचांचा पाया, म्हणजे लादी पुसताना पाणी खालच्या फळीला लागत नाही. फळ्यांची जाडी धरून उंची ५ फूट १ इंच होते. चार पाखे, अठरा फळ्या (खणाला सहा), पाया आणि मागच्या पट्ट्या धरून दोन शीट पुरतात. पाखे कापून उरलेल्या ३५ इंची तुकड्यांतूनच चार फळ्या निघतात. फळीचे वरचे रेषे लांबीच्या दिशेनेच हवेत. उरलेल्या मालातून आडवी कापलेली फळी लवकर वाकते.

प्लायच्या कडेत स्क्रू मारून सगळं वजन त्यावर सोडू देऊ नका, तिथे थर सुटतात. प्रत्येक फळीखाली दोन्ही पाख्यांना टेकूपट्टी फेविकॉल आणि स्क्रूने लावा. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी लावली की फळी ताठ राहते आणि प्लायचे थर झाकले जाऊन दिसतेही सुरेख.

एवढं अरुंद शेल्फ भिंतीला बांधायलाच हवं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. सर्वांत वरच्या फळीखाली, पाठीमागे प्रत्येक खणात ४ इंची पट्टी द्या आणि तिच्यातून भिंतीत स्क्रू न्या. आधी एक भोक पाडून भुकटी बघा. लाल असेल तर वीट, ८ मिमीची गिट्टी (भोकात स्क्रू पकडणारा प्लग) चालते. पांढरी, मऊ असेल तर हलक्या ब्लॉकची भिंत: ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी आतच फिरत राहते. तिथे १० मिमीची लांब नायलॉन गिट्टी वापरा. भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर पट्टीमागे १२ मिमीचे ठोकळे देऊन हवेला वाट ठेवा.

प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा प्रकार) घ्या. कोकणात किंवा ओलीच्या भिंतीजवळ त्याहून जास्त पाणी सोसणारा मरीन प्लाय. सनमायका फळीच्या दोन्ही बाजूंना लावायला सांगा. पैसे वाचवायला फक्त वरून लावला तर फळी कमान घेते, आणि ती नंतर सरळ करता येत नाही.