पुण्यात नव्याने कथा लिहिणाऱ्याने आधार देणारा लेखकगट कसा शोधावा?

टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषदेपासून सुरुवात करावी. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कार्यक्रमांना नियमित गेल्यास लिहिणारी माणसे भेटतात आणि घरगुती वाचनबैठकांची माहिती बहुधा त्यांच्याकडूनच मिळते. गटात सामील होण्यापूर्वी एका बैठकीत केवळ श्रोता म्हणून बसावे आणि कथा वाचून झाल्यावर काय घडते ते पाहावे. ‘छान आहे’ म्हणून चहाकडे वळणारा गट कितीही प्रेमळ असला, तरी लेखनाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. याउलट ‘आई दार उघडते तिथला संवाद लांबला आहे, दोन वाक्ये काढून पाहा’ असे कोणी आपुलकीने सांगत असेल, तर तो गट मुळीच सोडू नये. आपली कथा वाचताना तीन-चार छापील प्रती सोबत न्याव्यात, कारण ऐकताना निसटलेले कागदावर दिसते.