विचारा भटकंतीचं : बेटावरची पायपीट आणि सोबतची माणसं

प्रश्न : ताई, मी बोरिवलीची, वय २६. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड झालेत. जानेवारीत आम्ही सहा जण अंदमानला निघालोय. त्यातल्या दोघांनाच मी ओळखते, बाकीचे मित्रांचे मित्र. डिगलीपूरजवळचं सॅडल पीक करायचंय. उंची फक्त ७३२ मीटर. आरामात नाश्ता करून निघालो तर संध्याकाळपर्यंत खाली येऊ ना?

उत्तर : नाही येणार. आलात तरी अंधारात चाचपडत.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नकोस. अख्ख्या अंदमान-निकोबारमधलं हे सर्वांत उंच ठिकाण, आणि वाट सुरू होते ती लामिया बेपासून, पार समुद्राच्या काठावरून. एक मीटरही फुकट मिळत नाही. कळसूबाई १६४६ मीटर खरी, पण तू बारी गावात उतरतेस तेव्हा एसटीने तुला जवळपास निम्म्या उंचीवर आणून सोडलेलं असतं. शिवाय इथे एका बाजूचंच अंतर साधारण आठ किलोमीटर. सुरुवातीची वाट किनाऱ्याच्या कडेकडेने, बरीचशी सपाट. तिथे सगळे फोटो काढत रमतात आणि खरा चढ उन्हं वर आल्यावर वाट्याला येतो.

दुसरी अडचण उजेडाची. घड्याळ तिथेही मुंबईचंच, पण बेटं मुंबईच्या २० रेखांश पूर्वेला. रेखांशाला चार मिनिटं धरली तर फरक सव्वा तासाहून जास्त. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि गच्च झाडीत त्याच्याही आधी पायाखालचं मूळ दिसेनासं होतं. तेव्हा उजाडता उजाडता वनखात्याच्या नाक्यावर हजर व्हा, नोंद आणि परवानगीचं उरका, वाटाड्या घ्या. त्याच्या पैशांत घासाघीस नको. नाश्ता पाठीवर.

आपल्याकडे खिंडीत पोचलं की वारा लागतो. या रानात हवा हलतच नाही. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. शर्ट शब्दशः पिळावा लागतो. माणशी तीन लिटर पाणी घ्या, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉल. वर पाणी मिळेल या भरवशावर कुणी राहू नका.

आता तू न विचारलेलं. मला तुझ्या पायांची काळजी नाही, त्या मित्रांच्या मित्रांची आहे. आमच्या गटात ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले काका होते. सकाळी नाक्यावरच त्यांनी बॉलपेनने तळहातावर ‘११.३०’ लिहिलं आणि प्रत्येकाच्या नाकासमोर धरलं. साडेअकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं. घामाने आकडा पुसट झाला की काका परत गिरवायचे. वेळ झाली तेव्हा माथा थोडाच उरला होता. दोन पोरं पाय आपटायला लागली, काका ढिम्म. ‘ज्यांना जायचंय त्यांनी जा’ असं म्हणणं सोपं होतं, पण वाटाड्या एकच होता. खाली येऊन वहीत परतीची नोंद केली तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. ती दोन पोरं रात्रीच्या जेवणापर्यंत गप्प होती. असू देत.

तुमच्यातही परतीची वेळ आणि शेवटून चालणारा माणूस आदल्या रात्रीच ठरवा. शेवटी चालणारा म्हणजे दमलेला नव्हे, सगळ्यांत दमदार. आणि त्याआधी एका रविवारी या सहाही जणांना घारापुरीला घेऊन जा. लेणी बघून परत फिरू नका, तोफेच्या टेकडीवर चढा, खाली गावात हिंडा. गेटवेला वेळेवर कोण येतं, कुणाकडे स्वतःचं पाणी नसतं, शेवटच्या लाँचची वेळ तोंडावर आली तरी कोण भेळ खात बसतं, सगळं अर्ध्या दिवसात कळतं. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.

डिगलीपूरला रस्त्याने जाणार असाल तर जिरकाटांगच्या पुढे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने सोडतात. तिथे थांबायचं नाही, फोटो नाही, खिडकीतून बिस्किटं देणं तर मुळीच नाही. मोबाइल बाहेर काढायची सवय असलेल्याला मधल्या सीटवर बसवा.

प्रश्न : मी गिरगावचा, वय ६४. आम्ही उभयता आणि आमच्या इमारतीतली आणखी दोन जोडपी स्वराजद्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला जाणार आहोत. एलिफंट बीचला रानातून चालत जाता येतं असं ऐकलं. सौभाग्यवतींचा गुडघा कुरकुरतो. जमेल का?

उत्तर : तुम्हाला जमेल, वहिनींना जाऊ द्या बोटीने. जेट्टीवरून बोटी सुटतात. चालायची वाट दोनेक किलोमीटरचीच, पण मुळांची आणि चिखलाची, शेवटी तिवरांतून जाणारी. उतारावर पाय सटकला की कुरकुरणाऱ्या गुडघ्याचं काय होतं ते सांगायला नको. तीन जोडप्यांपैकी ज्यांना चालायचंय ते चाला, बाकीचे समुद्रातून या, किनाऱ्यावर भेटा. सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं हा हट्ट सहलीला नडतो. परत मात्र दुपारी तीनच्या आत निघा. अंधाराचं वर लिहिलंय तेच इथेही.

त्या किनाऱ्यावर २००४च्या त्सुनामीत उन्मळलेली झाडं पांढरीफटक होऊन पडलेली दिसतात. बसायला बरी, पण भरतीची वेळ विचारून बसा. आणि मगरीची पाटी दिसली तर तिथे पाय बुडवायलाही उतरू नका. या बेटांवरच्या मगरी खाऱ्या पाण्यात सहज पोहतात. २०१० मध्ये याच बेटावर राधानगर किनाऱ्याजवळ एक पर्यटक तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. रोज घडणारी गोष्ट नव्हे ही, पण पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तिथून प्रवाळाचे दोन-चार तुकडे आणले तर चालतील का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही. मेलेला, वाळूत पडलेला तुकडासुद्धा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा. प्रकल्पासाठी मुलाला तिथेच बसवून चित्र काढायला लावा.