कूपरांचे ‘डिप’ : वारसा काकाकडून पुतण्यांकडे

प्रश्न : जुन्या पशुवैद्यकीय पुस्तकांत ‘कूपर्स डिप’ हे पाण्यात कालवून त्यात मेंढ्या बुडवायचे औषध भेटते. ते बनवणारे कूपर आणि साताऱ्याचे कूपर एकाच घराण्यातले का?

उत्तर : नाही, फक्त आडनाव एक. साताऱ्याचे धनजीशा कूपर पारशी. 1937 मध्ये ते काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. डिपवाले विल्यम कूपर हे इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातले. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला ते हर्टफर्डशरमधल्या बर्कमस्टेड गावी गुरांचे डॉक्टर म्हणून आले आणि 1852 मध्ये त्यांनी आपली डिपची भुकटी बाजारात आणली.

प्रश्न : त्या भुकटीत काय होते? ती इतकी का खपली?

उत्तर : मुख्यतः सोमल (आर्सेनिकचे विष) आणि गंधक. सोमल थंड पाण्यात नीट विरघळत नाही. सोड्याबरोबर शिजवला की विरघळतो. त्याआधी मेंढीच्या खरजेवर डांबर, तंबाखूचा काढा किंवा पाऱ्याचे मलम लावत. त्यासाठी लोकर बोटांनी फाकवून एकेका मेंढीवर हात चालवावा लागे. भुकटी पाण्यात कालवली की अख्खा कळप हौदातून काढता येई. मोठे कळप पाळणाऱ्या ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही ती गेली, ती याच सोयीमुळे.

धोकाही तितकाच. तहानलेली मेंढी हौदातले पाणी पिते. कातरताना झालेल्या ताज्या जखमांतून सोमल अंगात भिनतो. निथळते पाणी चरणीवर पडले तर गवत विषारी होते. म्हणून आधी पाणी पाजून, विसावा देऊन मगच कळप हौदात घालायचा आणि पुरता निथळल्याशिवाय चरायला सोडायचा नाही. खरजेच्या किड्याची अंडी एका बुडवणीत मरत नाहीत. त्यामुळे दहा ते चौदा दिवसांनी दुसरी बुडवणी लागे. ती चुकवली की खरूज परत, आणि दोष मात्र औषधाला. जुन्या हौदांजवळच्या मातीत सोमल आजही सापडतो. तिथे भाजी लावू नये.

प्रश्न : अशा घराण्याची वंशावळ इंग्लंडच्या कागदपत्रांतून कशी काढावी? मला बाप-लेकांची साखळीच जुळत नाही.

उत्तर : जुळणार नाही, कारण विल्यम यांचा धंदा लेकाकडे गेलाच नाही. कंपनीचे नावच ‘विल्यम कूपर अँड नेफ्यूज’, म्हणजे ‘आणि पुतणे’. पुतणे रिचर्ड पॉवेल कूपर 1905 मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’ किताबाचे मानकरी) झाले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड अ‍ॅशमोल 1910 पासून इंग्लंडमधल्या वॉल्सॉलचे खासदार होते. इथे ‘पॉवेल’ हे आपल्यासारखे वडिलांचे नाव समजू नका. तिकडे मधले नाव बऱ्याचदा आईचे किंवा आजीचे माहेरचे आडनाव असते. धागा म्हणून उपयोगी, पण पुरावा नव्हे.

सुरुवात मृत्युपत्रापासून करा. पुतण्यांची नाती तिथेच उलगडण्याची शक्यता जास्त. मृत्युपत्रांची 1858 पासूनची सरकारी सूची मृत्यूच्या नव्हे, प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) मिळाल्याच्या वर्षाप्रमाणे लावलेली आहे. मृत्यूच्या वर्षी नाव नसेल तर पुढची दोन-तीन वर्षे चाळा. मग जनगणना. 1841 ची कच्ची समजा : पंधरा वर्षांपुढची वये बहुधा खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली, नाते लिहिलेले नाही. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) मिळतो. तो कळला की चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींकडे वळा.

जन्मनोंदणी जुलै 1837 मध्ये सुरू झाली. नोंदीला 42 दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरचा जन्म पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत निघू शकतो. छापील सूचीत आईचे माहेरचे आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे, पण नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत ते 1837 पासून दिले आहे. शोध तिथेच घ्या. गावाचे नाव ‘बर्कहॅम्पस्टेड’ असेही लिहिले जाई, म्हणून दोन्ही स्पेलिंग घाला.

कंपनीचा माग वेगळा ठेवा. 1925 मध्ये ती मॅकडूगल अँड रॉबर्टसनमध्ये मिसळली आणि 1959 मध्ये वेलकम या औषध कंपनीकडे गेली. त्यामुळे 1925 नंतरचे कागद ‘कूपर, मॅकडूगल अँड रॉबर्टसन’ या नावाखाली शोधा.