वाचकांचे प्रश्न : डिह्युमिडिफायर चालतो, मग पाणी कुठे आहे?

प्रश्न : आमचे घर जुळे सोलापूर भागात असून तळमजल्यावर विक्रीच्या चादरी व टॉवेलांचा साठा असतो. मालाला कुबट वास येऊ लागल्यामुळे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही फॉल्स सीलिंगमध्ये डक्ट (हवा फिरवणारे नळ) टाकून संपूर्ण घरासाठी एकच डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारे यंत्र, बसवला. सप्टेंबरात तो रोज बादलीभर पाणी काढत असे. आता मार्चमध्ये तो दिवसभर चालतो, पण नळीतून थेंबही पडत नाही. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. भरून घ्यावा का?

उत्तर : तूर्त भरू नये. मार्चमधल्या सोलापुरात नळीतून पाणी न पडणे हा बिघाड नसून तसेच व्हायला हवे. या यंत्रातील थंड कॉइलवर हवेतला ओलावा दवासारखा जमतो आणि निथळून जातो. परंतु हवा किती थंड केल्यावर तो सुटेल, हे मुळात हवेत किती ओलावा आहे यावर ठरते. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना हवा 26 अंशांच्या आसपास येताच पाणी सुटू लागते, तर त्याच तापमानाला आर्द्रता 30 टक्के असेल तर ती सुमारे साडेदहा अंशांपर्यंत थंड करावी लागते. अनेक कंपन्या दररोज अमुक लिटर अशी जी क्षमता छापतात, ती याच 30 अंश व 80 टक्के दमटपणाच्या हवेत मोजलेली असते, आणि आपल्याकडे अशी हवा पावसाळ्याखेरीज क्वचितच असते.

आपल्या पत्रातील खरी शंकास्पद गोष्ट वेगळीच आहे. हवा एवढी कोरडी असताना यंत्राने आपोआप थांबायला हवे होते, मग ते दिवसभर का चालते? प्रथम फक्त पंखा फिरतो आहे की कॉम्प्रेसरही चालू आहे, हे पाहावे. घरातली हवा डक्टमधून फिरत राहावी म्हणून काही यंत्रांत पंखा सतत चालू ठेवण्याची सोय असते आणि त्यात काळजीचे कारण नाही. कॉम्प्रेसरही चालत असेल तर आर्द्रतेची पातळी फार खाली लावलेली नाही ना, ते तपासावे. कापडाच्या साठ्यासाठी 50 टक्के पुरेसे आहेत.

पातळी योग्य असूनही यंत्र थांबत नसेल, तर त्याच्या सेन्सरवर विसंबू नये. बाजारात मिळणारे छोटे डिजिटल आर्द्रतामापक घ्यावे आणि आधी त्याचीच परीक्षा करावी : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन, ते विरघळणार नाही इतपत थेंबभर पाण्याने ओले करून, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे, सकाळी आकडा 75 टक्क्यांच्या जवळ दिसला पाहिजे. अशा तपासलेल्या मापकाने तळमजल्यावर 30 टक्के दाखवले आणि यंत्राच्या पडद्यावर 60 दिसले, तर बदलायचा आहे तो सेन्सर. एप्रिलमध्ये कुलर सुरू केलात तर मात्र हे यंत्र बंद ठेवावे, कारण एकाने हवेत पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने ते काढायचे, यात केवळ विजेचे बिल वाढते.

गॅसचा प्रश्न तेव्हाच उद्भवतो, जेव्हा मापक 65 टक्क्यांच्या वर असूनही पाणी येत नाही. त्या वेळीही प्रथम फिल्टर काढून पाहावा. कापडाचा साठा असलेल्या घरात सुताची कुसे हवेत असतातच. त्यांनी फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवा कमी जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. डिसेंबरातल्या थंड रात्री, तापमान 15 अंशांच्या आसपास उतरल्यावरही असाच बर्फ दिसू शकतो. तो सुरीने खरवडू नये. यंत्र बंद करून वितळू द्यावा. फिल्टर स्वच्छ आहे, पंखा नीट फिरतो आहे, तरी कॉइलच्या एका भागावरच बर्फ जमून उरलेला भाग कोमट राहतो, तर गॅस कमी झाल्याचा संशय रास्त आहे. परंतु गॅस पेट्रोलप्रमाणे वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय जो नुसता गॅस भरून देतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

प्रश्न : पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात छतातून पाणी ठिबकले आणि यंत्र बंद पडले. मशीन फुटले असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पाणी जाण्याच्या नळीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. तो नसेल किंवा नळीत शेवाळ साचले असेल, तर पाणी ट्रेमध्ये तुंबते आणि ज्या यंत्रांत फ्लोट स्विच (ट्रेमधले पाणी वाढले की यंत्र बंद करणारा तरंगता खटका) असतो, ती स्वतःहून बंद होतात. नळीला यू आकाराचे वळण असल्यास आणखी एक कारण संभवते. आपल्याकडच्या लांब कोरड्या ऋतूत त्या वळणातले पाणी वाळून जाते, मग पंखा तिथूनच हवा ओढतो आणि ट्रेमधले पाणी अडून राहते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस वीजपुरवठा बंद करून नळी साफ करावी आणि तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे.

प्रश्न : नळाला काही दिवसांआड पाणी येते. यंत्राचे पाणी वापरता येईल का?

उत्तर : फरशी पुसायला आणि शौचालयात जरूर वापरावे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी नको, कारण उकळल्याने जंतू मरतात, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश पाण्यातच राहतो.