पुस्तकं आवडतात, म्हणून लायब्ररियन?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते, वय ४६. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी गेली आणि पुन्हा त्या धावपळीत पडायची इच्छा नाही. इथल्या मराठी शाळेची पुस्तकं मीच सांभाळते. लायब्ररियन व्हावंसं वाटतं. नवरा म्हणतो, या वयात पुन्हा मास्टर्स कशाला?

उत्तर: ताई, वयाची आणि क्षेत्र बदलण्याची काळजी सोडा. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनसुद्धा मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला निघाले होते.

यजमानांचा प्रश्न मात्र रास्त आहे. अमेरिकेत लायब्ररीत काम करणारे सगळेच लायब्ररियन नसतात. त्या पदासाठी बहुतेक ठिकाणी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली मास्टर्स पदवी मागतात. प्रवेशाला पदवी कुठल्याही विषयातली चालते, तेव्हा तुमचं भारतातलं शिक्षण वाया जात नाही. तुमच्या राज्यात रटगर्स विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे, ३६ क्रेडिट्सचा, ऑनलाइनही करता येतो. शाळेतली लायब्ररी हवी असेल तर अनेक राज्यांत त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

पण फी भरायची घाई करू नका. आधी गावातल्या लायब्ररीत पार्टटाइम काम शोधा: पुस्तकं जागेवर लावणारा 'पेज' किंवा पुस्तकांच्या देवघेवीचा सर्क्युलेशन डेस्क. पगार तुटपुंजा असतो, तरी सहा महिने काढा. कारण मराठी शाळेतली पुस्तकं सांभाळणं आणि हे काम यांत फार फरक आहे. इथे वाचायला वेळ मिळत नाही. अडकलेला प्रिंटर सोडवायचा, कोणाला नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा, थंडीत दिवसभर बसायला आलेल्या बेघर माणसाशी नीट बोलायचं, मग लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला गाणीही म्हणायची. संध्याकाळ आणि शनिवार-रविवारची पाळी येतेच, म्हणजे मराठी शाळेचा रविवार कधीकधी हातचा जाणार. हे सगळं करूनही घरी येताना बरं वाटलं, तर खुशाल प्रवेश घ्या. काही लायब्ऱ्या कर्मचाऱ्यांना फीसाठी मदतही करतात. अर्ज करण्याआधी विचारा.

तुमचं टेस्टिंग लपवू नका. लायब्ररीची सॉफ्टवेअर, डेटाबेस, वेबसाइट सांभाळणारे सिस्टिम्स लायब्ररियन असतात, आणि तिथे लोकांपेक्षा यंत्रांशी जास्त गाठ पडते. मराठी पुस्तकांची सूची करायचं स्वप्न असेल तर शिकागो, पेन्सिल्व्हेनिया यांसारख्या विद्यापीठांत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ते काम चालतं. तिथे मराठी नावं रोमन लिपीत ठरलेल्या नियमांनी लिहावी लागतात, 'ळ'साठीच्या l खालच्या टिंबासकट. अशा जागा अगदी मोजक्या, त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नका.

पैशांचं आधीच बोलून घ्या. सॉफ्टवेअरचा पगार परत दिसणार नाही, आणि मोठ्या शहरांजवळ एकेका जागेला भरपूर अर्ज येतात. घर एका पगारावर चालत असेल तर यजमानांना आकडे दाखवा, हौस नव्हे.

तुम्ही व्हिसाचं लिहिलेलं नाही. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असाल तर शिकता येतं, पण पगार घ्यायला वर्क परमिट लागतं, आणि ते सगळ्याच एच-४वाल्यांना मिळत नाही. पार्टटाइम कामालाही तोच नियम, तेव्हा डेस्कवर बसण्याआधी वकिलाला विचारा.